शून्य आणि कोरी जागा



गेल्या महिन्यात या सदरात पासवर्डबद्दल लिहिलं, तर दोन-तीन काकूंचे फोन आले, “मग आता नातवाची जन्मतारीख ठेवायचीच नाही का रे?” नाही काकू, खरंच नको. आज मात्र विषय वेगळा आहे. आई बरेच दिवस मागे लागली आहे, “तू नेमकं काय काम करतोस ते एकदा लिही, म्हणजे मलाही लोकांना सांगता येईल.” आजवर ती “आफ्रिकेतल्या औषधांचं काहीतरी कॉम्प्युटरवर करतो” असं सांगत आली आहे. ते चूक नाही. पण त्या ‘काहीतरी’त काय असतं हे सांगायला मला आपल्या मंडळाच्या महाप्रसादापासून सुरुवात करावी लागेल.

श्रावणात गणेशोत्सवाची पहिली बैठक झाली. महाप्रसादाला किती पानं धरायची, असा प्रश्न निघाला. आपले खजिनदार काका हिशेबाला पक्के. त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, “गेल्या वर्षी ३१० पानं झाली. यंदा ३२५ धरू. पुरे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, “काका, गेल्या वर्षी सव्वा वाजता मसालेभात संपला होता. पुऱ्याही संपल्या. नंतर आलेल्यांना आपण बुंदी आणि केळं हातावर ठेवून पाठवलं.”

“हो, पण जेवले ३१०च ना?”

“जेवले ३१०. आले किती होते?”

काकांनी पुन्हा वही चाळली. वहीत आलेल्यांचा रकानाच नव्हता.

माझं काम त्या नसलेल्या रकान्याभोवती फिरतं.

बीई झाल्यावर मी गच्चीबौलीत चार-पाच वर्षं बँकेचं सॉफ्टवेअर लिहिलं. नंतर एका प्रकल्पावर आलो. आफ्रिकेतल्या सरकारी आरोग्य केंद्रांना औषधं पोहोचवण्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर तिथे बनतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतात, नर्स येते, लस घेताना रडणारं बाळ येतं. त्यांच्या मागे खरेदी, कारखाना, जहाज, बंदर, गोदाम, ट्रक आणि शेवटी सायकल अशी लांबलचक साखळी असते. साखळीतलं एक कडं सुटलं, तर डॉक्टर हजर असूनही उपयोग नाही.

मी सर्वाधिक काम केलं ते मलावीसाठी. हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला छोटा देश. तिथे समुद्रासारखं प्रचंड तळं आहे, पण समुद्र नाही. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, आणि पावसाबरोबर मलेरिया. मलेरियाचं आणि आपल्या शहराचं नातं जुनं आहे, हे शाळेत शिकलो असू, पण बहुतेक विसरलो. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला, बेगमपेटेतल्या एका इमारतीत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. त्या शोधाला १९०२ चं नोबेल मिळालं. ती इमारत अजून आहे. जुन्या विमानतळाच्या बाजूने जाताना मुलांना एकदा दाखवा.

आज मलेरियावर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन हे जोडऔषध मोठ्या प्रमाणावर वापरतात. दिवसातून दोनदा, तीन दिवस, असे एकूण सहा डोस. एका वेळी किती गोळ्या हे वजनावर ठरतं. त्यामुळे पाकिटं चार प्रकारची असतात. ५ ते १५ किलोच्या बाळासाठी ६ गोळ्यांचं आणि ३५ किलोच्या वरच्या माणसासाठी २४ गोळ्यांचं. मधली दोन १२ आणि १८ गोळ्यांची. मुंबईच्या सिप्ला, इप्का, अजंता या कंपन्या हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेने बनवतात. म्हणजे मलावीतल्या एखाद्या बाळाच्या तोंडात जाणारी गोळी कदाचित न्हावाशेवाहून निघालेली असते. तिथून जहाजाने मोझांबिकच्या बैरा बंदरात किंवा टांझानियाच्या दार-एस-सलाममध्ये, मग ट्रकने सीमा ओलांडून मलावीत, आणि शेवटी खडीच्या रस्त्याने आरोग्य केंद्रात. मागणी नोंदवल्यापासून माल हातात पडेपर्यंत सहा महिने, कधी वर्षही जातं. आज चुकीचा आकडा लिहिला, तर त्याचं फळ पुढच्या पावसाळ्यात मिळतं.

आकडा काढायचं गणित तसं सोपं आहे. आई महिन्याचं वाणसामान भरते तेव्हा तीही हेच करते. महिन्याला किती लागतं, किती महिन्यांचं घरात ठेवायचं, डब्यात किती शिल्लक आहे, आणि कोणाला आणायला सांगितलंय का. वापराला महिन्यांनी गुणा, त्यातून हातातला साठा वजा करा, वाटेवरचा माल वजा करा. उरेल तेवढं मागवा. हे तीन आकडे खरे असले की काम झालं. पण तिन्हींत गोम आहे.

आधी हातातला साठा. प्रत्येक केंद्रात औषधाच्या खोक्याशेजारी एक कार्ड टांगलेलं असतं. आलं किती, गेलं किती, उरलं किती. कागदावर ४० पाकिटं असतात आणि फळीवर २५. कधी नोंद राहून गेलेली असते, कधी मुदत संपलेली पाकिटं वेगळी काढलेली असतात. म्हणून तिथला नियम असा, की ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, मग ते काल आलेलं असो वा सहा महिन्यांपूर्वी. आमची आजी लोणच्याच्या बरण्या लावताना जुनी बरणी पुढे सरकवायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मग वाटेवरचा माल. स्क्रीनवर ‘वाटेवर’ असं लिहिलं की माणूस निर्धास्त होतो. पण वाट म्हणजे काय? मार्च २०१९ मध्ये इडाय चक्रीवादळाने बैरा शहराची आणि बंदराची दैना केली. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळाने मलावीच्या दक्षिणेला पूल आणि रस्ते वाहून नेले. माल ‘वाटेवर’ असतो, पण वाट नसते. शिवाय हा माल एकाच खिशातून येत नाही. काही औषधं जिनिव्हाच्या ग्लोबल फंडाच्या पैशातून, काही अमेरिकेच्या २००५ साली सुरू झालेल्या मलेरिया कार्यक्रमातून, काही तिथल्या सरकारच्या तिजोरीतून. प्रत्येकाचं आर्थिक वर्ष वेगळं, कागदपत्रं वेगळी. एकाने तपासणीचे किट पाठवले आणि दुसऱ्याची औषधं मागे राहिली, तर रक्त तपासून “मलेरिया आहे” असं सांगता येतं, पण द्यायला गोळी नसते. सगळ्यांची वेळापत्रकं एका तक्त्यात मांडून अशा फटी आधीच दाखवणं, हे आमच्या कामातलं सगळ्यात किचकट काम. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, तेव्हा आमच्या तक्त्यातल्या किती ओळी खऱ्या धरायच्या हेच कळेना. माल बोटीवर आहे, पण बंदरापासून गोदामापर्यंतच्या ट्रकचं भाडं कोण देणार? त्या आठवड्यात मी ‘वाटेवर’ या एका शब्दाचे चार तुकडे केले. पैसे मंजूर, कारखान्यातून निघालं, बंदरात आलं, गोदामात आलं. प्रत्येकाला वेगळा रंग. तोवर आम्ही सगळ्याला हिरवा रंग देत होतो.

आता तिसरा आकडा, वापर. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

चार वर्षांपूर्वी मी त्या प्रणालीतला एक भाग लिहिला. केंद्रांकडून दर महिन्याला येणाऱ्या अहवालांतून गेल्या तीन महिन्यांचा सरासरी वापर काढायचा. अहवालात काही रकाने कोरे येत. कोऱ्या जागेमुळे बेरीज अडायची, स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर यायची आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी लाज जायची. मी एक ओळ लिहिली. जागा कोरी असेल तर शून्य धरा. एरर गेली. सगळे खूश. त्याच अहवालात ‘औषध किती दिवस नव्हतं’ असाही रकाना होता. तो फारसं कोणी भरत नव्हतं, म्हणून आम्ही तो ऐच्छिक ठेवला आणि हिशेबात घेतलाच नाही.

काय झालं ते आकडे सोपे करून सांगतो. महिना ३० दिवसांचा धरा. एका केंद्रात पहिल्या महिन्यात ६०० रुग्णांना औषध दिलं, म्हणजे रोज २०. दुसऱ्या महिन्यात १२ दिवसांतच साठा संपला, म्हणून वापर २४०. तिसऱ्या महिन्यात औषधच नव्हतं. रकाना कोरा आला, आमच्या ओळीने तिथे शून्य लिहिलं. ६००, २४०, ०. सरासरी २८०. प्रणालीने तीन महिन्यांसाठी ८४० पाकिटं सुचवली. खरी गरज होती १८००. ती ८४० पाकिटं रोज २० या हिशेबाने ४२ दिवसांत संपणार, पुढे पुन्हा कोरी जागा, पुन्हा शून्य. म्हणजे ज्या केंद्रात औषध संपतं, त्याला पुढच्या खेपेला आणखी कमी पाठवा, असं माझा कोड सांगत होता. आणि हे सगळं सुंदर आलेखांसकट.

हे आम्हाला आमच्या कोणत्याही चाचणीने दाखवलं नाही. व्हिडिओ कॉलवर एका केंद्रातल्या औषध भांडारच्या ताईंनी दाखवलं. आम्ही त्यांना अहवाल वेळेवर भरण्याबद्दल चार शब्द सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय की आमच्याकडचे डास सुट्टीवर गेले.” कॉलवरचे काही जण हसले. मला हसू आलं नाही, कारण ती ओळ कोणी लिहिली हे मला माहीत होतं.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लहान मुलांची पाकिटं संपली की त्या मोठ्यांचं २४ गोळ्यांचं पाकीट कापून चार बाळांना वाटून देत. अडचणीत शहाणपणाच होता तो. पण कागदावर मोठ्यांचं पाकीट वापरलं गेलं अशी नोंद होई, आणि आम्ही पुढच्या वेळी मोठ्यांची पाकिटं वाढवून पाठवत होतो.

मंडळी, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी चूक केली असती तर दुसऱ्या दिवशी दहा तक्रारी आल्या असत्या. इथे तक्रार करायला कोण येणार? पाच वर्षांखालच्या मुलाला मलेरिया झाला, तर पहिल्या २४ तासांत औषध सुरू व्हावं असं सांगतात, कारण उशीर झाला तर आजार झपाट्याने गंभीर होतो. मुलाला पाठीला बांधून आठ किलोमीटर चालत आलेली आई केंद्रात येते, औषध नाही असं ऐकते आणि परत जाते. तिची नोंद आमच्या तक्त्यात नसते. जेवलेली ३१० पानं वहीत असतात; बुंदी घेऊन परत गेलेले वहीत नसतात. मी लिहिलेल्या शून्याआड अशा किती आया होत्या, हे माझ्या कोणत्याही तक्त्यावरून काढता येणार नाही. ते मी तेव्हा मोजायची सोयच ठेवली नव्हती.

दुरुस्ती दोन आठवड्यांत झाली. वापर भागिले महिने असं न करता, वापर भागिले औषध उपलब्ध असलेले दिवस. वरच्या उदाहरणात ८४० भागिले ४२, म्हणजे पुन्हा रोज २०. ‘औषध किती दिवस नव्हतं’ हा रकाना सक्तीचा केला. कोरी जागा आता कोरीच दिसते, पिवळ्या रंगात, आणि कोणीतरी फोन करून विचारेपर्यंत तिचं शून्य होत नाही. पाकीट कापून दिलं तर ती नोंद करायला वेगळी जागा दिली. शेवटचं काम त्या ताईंच्याच सांगण्यावरून केलं.

पण विश्वास दोन आठवड्यांत दुरुस्त होत नाही. ज्यांना वारंवार कमी मिळतं, ते पुढच्या वेळी जास्त मागतात. शंभर हवे असतील तर दीडशे लिहितात. जिल्हा त्यात आणखी भर घालतो, वरचं कार्यालय आणखी. १९६० च्या सुमारास एमआयटीत यावर एक खेळच तयार झाला. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार अशा चार भूमिका, आणि प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी दिसते. गिऱ्हाइकाची मागणी जराशी वाढली, तरी कारखान्यापर्यंत जाताना तिची लाट होते. आधी टंचाई आणि नंतर गोदामं ओसंडून वाहणं. औषधांच्या बाबतीत ओसंडून वाहणं म्हणजे मुदत संपलेली खोकी जाळावी लागणं. एका गावात गोळी नाही आणि दुसऱ्या गोदामात गोळ्या जाळल्या जात आहेत, हे एकाच महिन्यात घडू शकतं.

त्यावर उपाय एकच, शेवटच्या माणसाला काय दिसतंय ते वरच्यांना लवकर दिसणं. त्यासाठी भारी तंत्रज्ञान लागतंच असं नाही. मलावीत गावपातळीवर काम करणारे आरोग्य कार्यकर्ते आहेत, आपल्या आशाताईंसारखे, पण सरकारी पगारावरचे. २०११ च्या सुमारास तिथे सीस्टॉक नावाची पद्धत सुरू झाली. या कार्यकर्त्यांनी साध्या मोबाइलवरून एसएमएसने शिल्लक कळवायची. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. संदेश गेला की केंद्राला कळतं की याला किती द्यायचं, आणि त्याला उलट संदेश जातो की माल तयार आहे, ये. सायकल मारत जाऊन रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा एक एसएमएस बरा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या रंगीत आलेखांकडे बघून थोडा ओशाळलो होतो.

तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअरिंगला आहात, काही डेटा सायन्स शिकताय. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की गाळलेल्या जागा भरायच्या आणि पुढे जायचं. शून्य भरा, सरासरी भरा. परीक्षेत ते चालतं. नोकरीत एकदा थांबून विचारा, ही जागा कोरी का आहे? ज्याने भरायची, तो त्या दिवशी काय करत होता? मी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. तो रिकाम्या फळीसमोर उभा होता.

परवा पुन्हा बैठक झाली. काकांनी नवी वही आणली आहे. त्यात त्यांनी स्वतः पट्टीने रेघ मारून एक रकाना वाढवला, ‘न जेवता गेलेले’. मला म्हणाले, “हे लिहायला कोणीतरी दारात उभं राहावं लागेल. सव्वा वाजता सगळे वाढण्याच्या गडबडीत असतात.” मी माझं नाव दिलं. सोबत एक जण हवा आहे. कॉलेजला जाणाऱ्यांपैकी कोणी असेल तर मला कळवा; साडेबारा ते तीन उभं राहायचं, आणि जो परत जायला निघेल त्याला आधी नमस्कार करून, मग मोजायचं. यंदा ४०० पानं धरली आहेत. रकाना कोरा राहिला, तर तो खरंच शून्य आहे की आपण मोजायला विसरलो, हे मात्र आपल्याला वहीत लिहावं लागेल.

पुढच्या महिन्यात भेटू. आणि आई, आता सांग लोकांना, मी परत गेलेल्यांचा हिशेब ठेवतो.